हिरड्याच्या गोदामापर्यंत

घोडेगावला जाऊन आले म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "मग भीमाशंकर केलंत ना?" नाही केलं. भीमाशंकरच्या रस्त्यावरच मुक्काम होता, यात्रेकरूंच्या गाड्या रोज डोळ्यांपुढून शिनोलीकडे जात होत्या, तरीही नाही. जुन्नरला गेले आणि शिवनेरी खालूनच पाहिला. अष्टविनायकांपैकी ओझरचा एक झाला, पण तोसुद्धा भलत्याच कामासाठी.

मी आणि माझा धाकटा भाऊ एक खोली शोधायला गेलो होतो. दारू सुटलेली आणि सोडू पाहणारी माणसं तिथं आठवड्यातून एकदा एकत्र बसतात, एवढंच कानावर होतं. कुठल्या गावात, कुणाकडे, काही ठाऊक नव्हतं.

भावानं हे लिहू दिलं ते एका अटीवर. त्याचं नाव बदलायचं आणि जागेच्या खुणा पुसायच्या. म्हणून त्याला इथं प्रकाश म्हणते. त्या जागेच्या खुणाही मी मुद्दाम चुकवल्या आहेत, तेव्हा कुणी उगाच शोधत जाऊ नका.

प्रकाश मोटारी भरतो. म्हणजे विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की तिची जळकी तार काढून नवी गुंडाळतो. हात सोन्याचा, पण मिरजेत ज्या दुकानात तो कामाला होता तिथं दिवेलागणीला बाटली उघडायची. त्या बाटलीनं त्याचा संसार खाल्ला. पुढं तो मिरजेतल्या एका बैठकीला जाऊ लागला. शाळेच्या रिकाम्या वर्गात आठ-दहा जण बसतात, ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं, कुणी कुणाला उपदेश करायचा नाही, शेवटी चहा. मला हे सगळं फार किरकोळ वाटलं होतं. डॉक्टर झाले, वैद्य झाले, अंगारे झाले, आणि आता चहा! पण त्या चहानं दारू थांबली हे खरं.

दुकान मात्र तेच होतं आणि तिथली संध्याकाळही तीच. त्यात ओळखीतून घोडेगावच्या बबनरावांचा निरोप आला, "मोटार भरणारा माणूस पाहिजे, ऱ्हायला खोली देतो." मला तर देवच पावला असं वाटलं. प्रकाश म्हणाला, "ताई, तिथं बैठक असेल तर राहीन. नसेल तर परत येईन."

"परत कुठं? त्या दुकानात?"

"दुसरं कोण ठेवतंय मला?"

म्हणजे खोली सापडली तर माणूस वाचला, नाहीतर पुन्हा ती बाटली. मिरजेच्या त्याच्या मित्रांनी सांगितलं होतं, जुन्नर-आंबेगावकडं अशी बैठक भरते म्हणतात. त्या 'म्हणतात'च्या भरवशावर आम्ही एसटीत बसलो. मी टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांचे फोन जोडून दिलेली बाई. एक खोली काय सापडणार नाही, अशा तोऱ्यात निघाले होते.

घोडेगाव

चैत्र लागला होता. दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ पडायचं आणि पहाटे मात्र अंगावर गोधडी लागायची. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटेलाही पंखा लागतो. मंचर सोडल्यावर दोन्ही बाजूंना हिरवंगार दिसलं, धरणाचं पाणी फिरलेलं. प्रकाशनं खिडकीतून विहिरी बघत सांगितलं, "इथं मोटारी भरपूर जळणार." त्याला आनंद झाला होता. कारागिराचं सगळं जगावेगळंच.

बबनराव म्हणजे थोराड हाडांचा, मोठ्यानं बोलणारा, मनानं मोकळा माणूस. दुकानापुढं जळक्या मोटारींचा ढीग आणि त्या ढिगावर एक मांजर. घरी त्यांच्या मंडळींनी मासवडीचा बेत केला होता. नाव ऐकून घाबरू नका. तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण बेसनाच्या पोळीत गुंडाळून त्याच्या वड्या पाडतात आणि वरून झणझणीत पातळ रस्सा. सोबत बाजरीची भाकरी. आम्ही ज्वारीची माणसं, चैत्रात बाजरी उष्ण पडेल म्हणून मी बिचकले. तिसऱ्या वडीनंतर बिचकणं संपलं.

जेवता जेवताच मी विषय काढला. मला आडपडदा जमत नाही. म्हटलं, "बबनराव, याची दारू होती. आता नाही. तुमच्याकडं अशा लोकांची बैठक कुठं भरते?"

प्रकाशचा घास हातातच राहिला.

"आवं, मंग त्यात काय येवढं!" बबनराव म्हणाले. "बैठक-बिठक मला ठाव न्हाई. उंद्या जिपातनं वझरच्या गनपतीला जाऊ. इघ्नहराम्होरं शपथ घालू. आमच्या चुलत्याची तशीच सुटली."

"कायमची?" मी विचारलं.

"कायमची म्हंजे, वरीसभर लई झ्याक व्हतं. मंग पुन्हा येकदा घातली."

मंडळी पदराआड हसल्या. प्रकाशसुद्धा हसला, पण रस्सा त्यानं पुन्हा घेतला नाही.

संध्याकाळी चहापत्ती आणायला मी समोरच्याच दुकानात गेले. शेठजींचं किराणा दुकान. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घराणं, आता बोलणं-चालणं सगळं इथलंच. शेठजींना कमी ऐकू येत असे. चहापत्ती म्हटलं तर कानामागं हात धरला. मग मी टेलिफोन खात्यातला आवाज काढला, तेव्हा पलीकडच्या मोटारींवरचं मांजर पळालं, पण चहापत्ती मिळाली.

ओझर

ओझरचं देऊळ बघण्यासारखं आहे. भक्कम तट, दारात दोन दीपमाळा, वर सोनेरी कळस, मागं कुकडीचं पाणी. आमच्या सांगलीच्या गणपतीपुढं कसं ऐसपैस मोकळं आहे, इथं तटाच्या आत शिरलं की एकदम शांत वाटतं. त्या शांततेत बबनरावांचा आवाज तेवढा घुमत होता.

इकडे शपथेची रीत अशी. नारळ देवापुढं धरायचा, दारू सोडणाऱ्यानं त्यावर हात ठेवायचा आणि 'जन्मात शिवणार नाही' असं म्हणायचं. साक्षीला चार माणसं. बबनरावांनी नारळ धरला. साक्षीला त्यांनी दर्शनाला आलेली दोन अनोळखी माणसंही गोळा केली होती. ती बिचारी चपला हातात घेऊन उभी राहिली.

"म्हना, जन्मात शिवणार न्हाई."

प्रकाशनं हात ठेवला नाही. तो म्हणाला, "भाऊ, जन्माच्या शपथा मी पुष्कळ घेतल्यात. आईच्या घेतल्या, मुलीच्या घेतल्या. सगळ्या मोडल्या. मी आजचं सांगतो." आणि हात जोडून त्यानं हळूच म्हटलं, "देवा, आज नाही."

"आजचं?" बबनराव गोंधळले. "देवाला आजचंच सांगत्यात व्हय? मंग उंद्या पुन्हा यायचं का?"

"उद्याचं उद्या सांगीन. इथूनच पाहिजे असं नाही."

परतताना बबनराव फुगून बसले होते. मलाही राग आला होता. एवढ्या लांब येऊन एका वाक्यासाठी माणूस अडतो? म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्या आठवड्यात त्याच्या तोंडून आलेलं सगळ्यांत लांब बोलणं तेच होतं, हेही माझ्या ध्यानात आलं. मुलीचं नाव तर तो कधी काढतच नसे.

जुन्नर

दुसऱ्या दिवशी जुन्नरला मी मोहीमच काढली. दवाखाना, औषधांचं दुकान, एसटीडीचं खोकं, चहाची टपरी, काही सोडलं नाही. मी पुढं आणि प्रकाश चार पावलं मागं. "हा माझा भाऊ. याची दारू होती. अशा लोकांची बैठक कुठं भरते?" लोक आधी माझ्याकडं बघत, मग त्याच्याकडं. कुणी तुळशीची माळ घालायला सांगितली, कुणी एका बाबांचा पत्ता दिला. टपरीवाल्यानं चहाचा कप पुढं करत दिलासा दिला, "राव, थोडीथोडी घेत जा, येकदम सोडली की तरास व्हतो." प्रकाशनं कप तसाच ठेवला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

शिवनेरी समोर उन्हात तापत होता. वर जाऊया का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, अजून किती जणांना सांगणार आहेस?"

"सापडेपर्यंत," मी म्हणाले.

एका दवाखान्यातल्या वयस्क कंपाउंडरनं अखेर एवढं सांगितलं, "घोडेगावात शेठजींचं दुकान हाय. त्यांना इचारून बघा." म्हणजे आम्ही ज्यांच्या समोर उतरलो होतो तेच! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी परतीच्या एसटीत जवळजवळ गात बसले होते.

घोडेगावला उतरल्याबरोबर दुकान गाठलं. शेठजी एका बाईला गूळ तोलून देत होते. ती गेल्यावर मी माझ्या परीनं हळू, म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं.

शेठजींनी तराजू पुसला. "कुनासाठी पाहिजे?"

"भावासाठी."

"भाऊ कुठंय?"

"तो काय, रस्त्यावर उभा आहे."

शेठजींनी चष्म्यावरून प्रकाशकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मला काय ठाऊक न्हाई, बाई."

खोटं बोलत होते! खोटं बोलणाऱ्याचा आवाज मी जन्मभर तारेवरून ऐकला आहे. मी विनवलं, हात जोडले, शेवटी चिडलेसुद्धा. शेठजी आपले दुकान आवरायला लागले. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांच्या घरचा नेम, त्यामुळे रोज त्या वेळी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. माझ्या नाकासमोर ते आलं.

मी बबनरावांच्या ओसरीवर येऊन रडले. रागानं आणि भीतीनं. मला दिसत होतं, हा उद्या-परवा परत मिरजेला येणार, त्या दुकानात बसणार, आणि एके दिवशी मला त्याला गटारीच्या कडेवरून उचलून आणावं लागणार. ते मी एकदा केलं आहे. पुन्हा करण्याची माझ्यात ताकद नव्हती.

प्रकाश शेजारी येऊन बसला. "शेठजी नेमकं काय म्हणाले?"

मी सांगितलं. कुणासाठी विचारलं, भाऊ कुठंय विचारलं आणि नाही म्हणाले.

मग तो म्हणाला, "मिरजेलाही पहिल्यांदा तूच फोन केला होतास. ते काय म्हणाले आठवतंय?"

आठवलं. त्यांनी फार नम्रपणे सांगितलं होतं, ज्याची दारू आहे त्यालाच फोन करू दे. तेव्हाही मला राग आला होता.

"उद्या मी विचारतो," तो म्हणाला. "तू येऊ नकोस."

बाजाराचा दिवस

दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. सकाळपासून रस्ता कांदा-बटाट्यांनी आणि माणसांनी भरला. डोंगराकडची माणसं हिरडा घेऊन उतरली होती. हिरडा म्हणजे जंगलातलं औषधी फळ. कोवळी फळं झाडावरून काढून वाळवायची, पोत्यात भरायची आणि बाजारी विकायची. शेठजी हिरडा घेत. त्यांच्या दुकानापुढं पोत्यांची थप्पी लागली होती आणि गिऱ्हाइकांची दाटी.

बबनरावांच्या दुकानात एका मोटारीवर मी बसले होते. प्रकाश सकाळी एकदा रस्ता ओलांडून गेला आणि काड्यापेटी घेऊन परत आला. दुपारी गेला आणि साबण घेऊन आला. त्याची अडचण मला दिसत होती. मिरजेत फोनवर बोलायचं होतं, तेही तोंड न दाखवता. इथं भर बाजारात, ज्या गावात उद्यापासून राहायचं त्या गावासमोर बोलायचं. आणि शेठजींना हळू बोललेलं ऐकू जात नाही! मीच जाऊन ओरडून यावं असं फार वाटलं. मी मोटारीची कडी धरून बसले.

उन्हं कलली. बाजार उठायला लागला. माणसांचे घोळके ओढ्याकडच्या गुत्त्याकडं वळू लागले. प्रकाश उठला. त्या वाटेकडं एकदा बघून त्यानं रस्ता ओलांडला आणि शेठजींच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले. शेठजींनी कानामागं हात धरला. पुन्हा ओठ हलले. शेठजींनी मान हलवली, ऐकू येत नाही.

मग त्याचा आवाज रस्त्याच्या अलीकडं माझ्यापर्यंत आला.

"शेठजी, मी दारू पिणारा माणूस आहे! मला बसायला जागा पाहिजे!"

पिशवी भरणारी एक बाई मागं सरकली. कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या शेजारी बबनराव पाना हातात घेऊन उभे होते, ते पुटपुटले, "च्यायला! देवाम्होरं हळू बोलून भागलं असतं की!"

शेठजी गादीवरून खाली उतरले. चेहऱ्यावर काही नाही. थप्पीतल्या एका पोत्याला हात लावून म्हणाले, "पावणं, येवढं हिरड्याचं पोतं आत गोदामात न्यायचंय. जरा हात लावता का?"

प्रकाश बघतच राहिला. तेवढ्यात गिऱ्हाइकांतून मुंडासं बांधलेले एक आजोबा पुढं झाले. त्यांनी पोत्याचं दुसरं टोक उचललं. "चला राव," ते म्हणाले, "आमीबी तिकडंच निगालोय." दोघं पोतं घेऊन मागच्या दारानं आत गेले. त्यांच्यामागून थोड्या थोड्या वेळानं आणखी काही जण गेले, कुणी मोकळं पोतं घेऊन, कुणी तसेच.

मी धावत रस्ता ओलांडला. शेठजी दारातच होते. "बाई, तुमी न्हाई. तितं त्यांचीच मानसं." मग शटर अर्धं ओढत म्हणाले, "मी जेवून येतो. तवर पायरीवर बसा आन् दुकानाकडं ध्यान ठेवा."

तेव्हा सगळं लख्ख झालं. बाजाराचा दिवस, कारण त्या दिवशी कुणीही कुठल्याही गावाहून आला तरी कुणी विचारत नाही का आलास. आणि संध्याकाळची हीच वेळ, कारण हातात हिरड्याचे पैसे आणि समोर गुत्ता, ही घडी टळली की दिवस टळतो. शेठजी रोज याच वेळी जेवायला जातात, म्हणून अर्ध्या शटरकडं कुणी वळूनही बघत नाही. ते स्वतः कधी प्यायले नसतील, पण जागा त्यांची होती.

मी पायरीवर बसले. आतून हिरड्याचा तुरट वास येत होता आणि बोलण्याची अस्पष्ट गुणगुण. एरवी मी कान दिला असता. त्या दिवशी उठून पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले, जिथून काही कळणार नाही.

थोड्या वेळानं एक तरणी बाई आली. डोईवर पाटी, कडेवर पोर. इकडंतिकडं बघत तिनं हळूच विचारलं, "मावशी, हितं दारू सोडनाऱ्यांची बैठक भरतीया म्हनत्यात. खरं हाय का?"

"कुणासाठी?" माझ्या तोंडून गेलं.

"आमच्या मालकांसाठी."

"मालक कुठं आहेत?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. रस्त्यापलीकडं एक माणूस सायकल धरून उभा होता, भलतीकडं तोंड करून. अगदी प्रकाश उभा राहायचा तसा.

तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. आदल्या दिवशी तेच घेऊन मी याच पायरीवर उभी होते. एक शब्द बोलले असते तर तिची रात्र बरी गेली असती.

"मला काय ठाऊक नाही, बाई," मी म्हणाले. "त्यांना एखाद्या बाजारी पाठवा इथं. एकट्यांना. शेठजींना विचारू दे त्यांचं त्यांनी. मोठ्यानं बोलायचं, एवढं सांगा."

तिला काही कळलं की नाही कोण जाणे. पोराला सावरत ती गेली. सायकल तिच्यामागून गेली.

शेठजी परत आले तेव्हा मंडळी बाहेर पडत होती. मुंडासंवाले आजोबा मला म्हणाले, "आमी घाटघरचं. दोन गाड्या बदलून येतो. तिकडं वळखीचं लई." नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. प्रकाश सगळ्यांत शेवटी आला. हाताला हिरड्याची धूळ, डोळे लाल. मी काहीही विचारलं नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "उद्या तुझ्या एकटीचंच तिकीट काढ."

सकाळी एसटी सुटली तेव्हा तो बबनरावांच्या दुकानापुढं एक जळकी मोटार उघडून बसला होता. त्यानं पान्यासकट हात हलवला. पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. तो दर आठवड्याला दुकानाशेजारच्या एसटीडीवरून फोन करतो, बाजारच्या दुसऱ्या दिवशी. मासवडी करायला शिकलाय. मुलीला पत्र टाकलंय, उत्तर अजून नाही.

मध्यंतरी मला राहवलं नाही. ती पायरीवरची बाई डोक्यातून जात नव्हती. फोनवर मी विचारलंच, "प्रकाश, तो सायकलवाला माणूस कधी आला का रे? गोदामात?"

मागं बाजाराचा नव्हे, मोटार सुरू केल्याचा आवाज येत होता.

"मला काय ठाऊक न्हाई, बाई," तो म्हणाला. अगदी शेठजींच्या सुरात. आणि हसला.

खोटं बोलत होता. मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहून रडले.